दोन शतांशांची डाग्नी

एस्किल तुसडा होता, असं आमच्या कंपनीत अजूनही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्याच्याबरोबर चार दिवस तरी काढले होते का, हे मला विचारायचंय. मी बावीस वर्षं काढली. तळघरात, एका टेबलाच्या दोन बाजूंना. खिडकी नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून काढून ठेवलेलं. तो तुसडा नव्हता. त्याला उगाच बोलायला आवडत नसे, एवढंच. आणि आमच्या कामात उगाच बोललेलं लगेच कागदावर उमटतं.

आम्ही मायक्रोफोन तपासतो. गाणाऱ्यांचे नव्हे, मोजायचे. एखाद्या सभागृहात आवाज किती घुमतो, शाळेच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत मास्तरांचा शब्द स्वच्छ पोचतो की नाही, हे लोक ज्या मायक्रोफोनने मोजतात, तो स्वतः खरं बोलतोय ना, हे कुणीतरी आधी बघावं लागतं. ते आम्ही बघतो. सोबतच्या स्पीकरचंही तेच. आमच्याकडून दाखला गेला की मग ती यंत्रं जगभर फिरतात, आणि एक वर्षाने परत आमच्या दारात येतात.

मी चौऱ्याहत्तर साली लागले, बावीस वर्षांची. एस्किल चव्वेचाळीस वर्षांचा. त्याने मला सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, "हात थंड असू देत." गरम हाताने मायक्रोफोन धरला की त्याचा आकडा हलतो, म्हणून. मला वाटलं, माणूस जरा चक्रमच आहे. दुसऱ्या दिवशी मी माझा पहिला दाखला लिहिला आणि मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा वर केला, कागद बघितला आणि विचारलं, "हा आकडा आहे की देवाचा शब्द?"

मला कळेना.

"याच्यापुढे अधिक-उणे कुठाय?" तो म्हणाला. "तू मोजलंस, म्हणजे तू थोडी तरी चुकलीयस. किती चुकली असशील ते लिही. ते लिहिलं नाहीस तर आकड्याला काही अर्थ नाही."

मी घरी जाऊन आईला सांगितलं, मला एक पाद्री भेटलाय म्हणून. पण खरं सांगते, त्यानंतर मी आयुष्यात कुठलाच आकडा अधिक-उण्याशिवाय लिहिला नाही. माझ्या नवऱ्याला याचा फार त्रास झाला. "जेवायला किती वाजता येशील?" म्हटलं की मी सांगायची, "सहा, अधिक-उणे वीस मिनिटं."

एस्किलचं लग्न झालं नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीचंही नाही. डाग्नी तिचं नाव. दोघं होल्टेला आईबापांच्या घरात राहायची. डाग्नीने एकतीस वर्षं हिलेरॉड स्टेशनवर तिकिटं विकली होती, त्यामुळे काचेमागून लोकांना सुनावायची तिला सवयच लागली होती, आणि काच गेल्यावरही ती सुटली नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा तिने दारातच विचारलं, "हा तुझ्याशी तरी बोलतो का गं? घरी नुसता श्वास घेतो, तोही मोजून."

"बोलतो की," मी म्हणाले.

"काय बोलतो?"

मला पटकन काही आठवेना. डाग्नी इतकी हसली की एस्किलचे कान लाल झाले. पण तोही हसत होता, वाटीत तोंड घालून. तिच्या समोर तो हसायचा. इतर कुठे मी त्याला तसं हसताना बघितलं नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीचा किस्सा मी अर्ध्या कंपनीला सांगितलाय. आमच्या टेबलावर एक मायक्रोफोन असा असतो की तो कुणाला विकत नाहीत, कुणाला वापरायला देत नाहीत. तो नुसता ठेवायचा, आणि अधूनमधून मोजायचा. त्याचा आकडा मागच्यासारखाच आला तर आपलं टेबल ठीक आहे. नाही आला तर टेबलात काहीतरी बिनसलंय. एस्किलने घरी न्यायच्या यंत्रांसाठी तसंच काहीतरी धरून ठेवलं होतं, आणि ते म्हणजे ती खोली. बहात्तर सालापासून दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो खोली मोजायचा. मधोमध एक गोल स्पीकर, चेंडूएवढा नाही, चांगला भोपळ्याएवढा, त्याला बारा तोंडं. तो धबधब्यासारखा गर्जायचा आणि एकदम बंद व्हायचा. बंद झाल्यावर खोलीत आवाज किती वेळात विरतो, ते मायक्रोफोन टिपायचा. आकडा दर वर्षी तोच यायला हवा. त्यासाठी खोली तीच राहायला हवी.

म्हणजे पडदे तेच, गालिचा तोच, पुस्तकांचं कपाट तिथंच. डाग्नीने नव्या पडद्यांसाठी सव्वीस वर्षं भांडण केलं आणि सव्वीस वर्षं हरली. "स्मशानात बरे पडदे असतील याच्यापेक्षा," ती म्हणायची. तो म्हणायचा, "स्मशानात मोजायला कुणी जात नाही."

पण एका बाबतीत ती हरली नाही. मोजताना खोलीत माणूस नको, हा आमचा नियम आहे. माणसाचं अंग आणि कपडे आवाज गिळतात. थोडाच, पण गिळतात. म्हणून मोजणारा बाहेर जातो. एस्किल स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायचा, आणि डाग्नीलाही ये म्हणायचा. डाग्नी म्हणाली, "जानेवारीत मी त्या फरशीवर उभी राहू? मी या घरची आहे. तुझ्या यंत्राला माझा त्रास होत असेल तर त्याला बाहेर उभं कर." आणि ती खिडकीजवळच्या तिच्या लाकडी खुर्चीत बसून राहिली, कानात बोटं घालून, विणकाम मांडीवर ठेवून. पहिल्या वर्षी बसली म्हणून दुसऱ्या वर्षीही बसणं भाग पडलं, नाहीतर आकडा बदलला असता. तिसऱ्या वर्षी तर एस्किलच तिला म्हणाला, "बसलीस का? गेल्या वर्षीचाच स्वेटर घाल."

अर्धा सेकंद. सव्वीस वर्षं तोच आकडा, दोन-तीन शतांश इकडे, दोन-तीन तिकडे. त्या सगळ्या आकड्यांत डाग्नी होती, आणि एस्किल एकाही आकड्यात नव्हता.

तो शहाण्णव साली निवृत्त झाला. दर जानेवारीला तो घरी न्यायचा तोच जुना मायक्रोफोन आणि बारा तोंडांचा स्पीकर कंपनीने त्याला निरोपाला देऊन टाकला. घड्याळ देणार होते, मीच अडवलं. टेबल माझ्याकडे आलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात डाग्नी गेली. सकाळी दुधाची बाटली आणायला बागेच्या फाटकापर्यंत गेली होती, तिथेच. मेंदूत रक्त फुटलं म्हणाले. तिला पुरलं तेव्हा आम्ही नऊ माणसं होतो, त्यातला एक पाद्री आणि एक ऑर्गन वाजवणारा. मी एस्किलला मिठी मारली तर तो नुसता उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना सोडून. मला त्याचा रागच आला. म्हटलं, अरे रड की मेल्या.

नाताळानंतर फोन केला. विचारलं, "सणाला काय केलंस?"

"तांदळाची खीर केली," तो म्हणाला. "बदाम मला मिळाला."

आमच्याकडे नाताळात त्या खिरीच्या भांड्यात एकच अख्खा बदाम टाकतात आणि ज्याच्या वाटीत येईल त्याला बक्षीस. मी सवयीने हसले, "वा, नशीबवान आहेस." फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. एकटा माणूस, एक वाटी खीर. त्याने बदाम टाकला होता, आणि शोधलाही होता. 

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी तो आमच्या दारात हजर. हातात लाकडी पेटी.

"हा बिघडलाय," तो म्हणाला. "बघ जरा."

त्याचाच मायक्रोफोन. मी दोन तास लावले. हवेचा दाब बघितला, ठरलेला सूर दिला, आकडे लिहिले. ठणठणीत होता. तसं सांगितलं. त्याने मान हलवली, दाखला खिशात घातला आणि गेला. गुरुवारी स्पीकर घेऊन आला, बसमधून, मांडीवर. स्पीकरही ठणठणीत. पुढच्या आठवड्यात वायर. मग अँप्लिफायर. मग भिंतीवरचा थर्मामीटर. आमचा साहेब फ्लेमिंग एकदा जिन्यावरून डोकावून म्हणाला, "बोडिल, पेन्शनवाल्यांची धर्मशाळा उघडलीस का?"

"हो," मी म्हणाले. "तुझीही खाट राखून ठेवलीय. तुला फार वेळ नाही आता."

पण थर्मामीटरला मात्र माझं डोकं फिरलं. दार लावलं आणि म्हटलं, "एस्किल, पुरे. काय चाललंय तुझं? तुझ्याकडे बिघडलेलं काहीही नाहीये."

"तेच लिहून हवंय मला."

"कशाला?"

त्याने पेटीचं कुलूप लावलं. मग म्हणाला, "या वर्षी बावन्न आलं. अर्ध्या सेकंदाच्या वर दोन शतांश. खोलीत काहीही हललेलं नाही. मायक्रोफोन ठीक, स्पीकर ठीक, थंडी-वारा ठीक. सगळं सगळं ठीक आहे असं तू सही करून दे. मग जे दोन उरतात, ते दुसऱ्या कशाचे नाहीत. ते डाग्नी."

 मला वाटलं होतं, म्हातारा भ्रमात आहे. बहीण नाही हे त्याला मान्य होत नाही म्हणून यंत्रांवर खापर फोडतोय. तसं काही नव्हतं. आम्हाला सगळं वगळत वगळत जायचीच सवय आहे. वगळून वगळून जे शेवटी हाती राहतं, ते खरं. त्याला बहिणीची फुलं नको होती, फोटो नको होता. ती त्या खोलीत होती, एवढं आमच्या पद्धतीने सिद्ध झालेलं त्याला हवं होतं.

आणि मला, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या बाईला, ते सिद्ध होत नाही असं सांगावं लागलं.

"एस्किल, एका मोजणीला अधिक-उणे तीन. तुझा फरक दोनचा. दोन हे तीनच्या पोटात जातात. याच्यावर मी सही केली तर तूच माझ्या तोंडावर कागद फेकशील."

"फेकीन," तो म्हणाला. त्याला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. "एका मोजणीचं म्हणतेस ना. ती असतानाच्या मोजण्या सव्वीस आहेत. ती नसतानाचीही सव्वीस झाली की अधिक-उणे एकच्या खाली येतं. मग दोन म्हणजे दोन."

"सव्वीस वर्षं थांबणारेस?"

"कशाला? ती आता रोजच नसते," एस्किल म्हणाला. "रोज एक मोजली की झालं."

त्याने ठरवलं ते केलं. सव्वीस दिवस, रोज दुपारी दोन वाजता. आणि त्याच्या हिशेबाने या सव्वीस दिवसांत खोलीत काही म्हणजे काही बदलता कामा नये. कुणाचा ओला कोट खुंटीला नको, टेबलावर फुलं नकोत, कुणी खुर्ची सरकवायला नको. म्हणजेच कुणी यायला नको. शेजारची मेरेटे केक घेऊन गेली तर त्याने दार चार बोटं उघडलं, "धन्यवाद, महिनाअखेरीला" म्हणाला आणि दार लावून घेतलं. ती बिचारी मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "त्याचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?" मी म्हटलं, डोकं एकदम ठिकाणावर आहे, तीच तर पंचाईत आहे.

मी फोन करायची. फोन बैठकीच्या खोलीत. उचलायचा, पण उभ्यानेच बोलायचा, हे मला कळायचं.

"बसून बोल ना."

"गादी दबते, आकडा हलतो," तो म्हणायचा.

"बरं, जेवलास का?"

"जेवलो. स्वयंपाकघरात."

"काय?"

"काळा राय पाव. वर लिव्हरचा लेप."

"काल काय जेवलास?"

"तेच. आज एकवीस झाल्या."

फोन ठेवला की मला वाटायचं, हा आकडा आला नाही तर या माणसाचं काय होईल. आणि आला तर हा उरलेलं आयुष्य त्या रिकाम्या खुर्चीवर पहारा देत बसेल, मेरेटेला दारातून परत पाठवत. दोन्हीकडून मला धास्ती होती. पण धास्ती वाटली तरी मी त्याला थांबव म्हणाले नाही. मनातून मलाही तो आकडा यायला हवा होता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तो म्हणाला, "झाल्या सव्वीस. येशील का बघायला?"

मी दुपारी गेले. त्याने दाढी केली होती, टाय लावला होता. गालफडं आत गेली होती, पण डोळे कसे लखलखत होते. इतक्या वर्षांत मी त्याला इतका खुशीत कधी बघितला नव्हता. जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरलेला. डावीकडे सव्वीस ठिपके, ती असतानाचे. उजवीकडे सव्वीस, ती नसतानाचे. मी सगळं दोनदा मांडून बघितलं, कागदावर, हाताने. डावीकडे अर्धा सेकंद. उजवीकडे अर्ध्याच्या वर दोन शतांश. अधिक-उणे एकच्या आत. दोन म्हणजे दोन.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "फरक खरा आहे, एस्किल."

"आहे ना?"

"आहे. कुणीही येऊन तपासू दे."

त्याने ड्रॉवरमधून दाखल्याचा नमुना काढला. आमच्याच कंपनीचा, जुन्या पद्धतीचा, टाइप केलेला. सगळे रकाने भरलेले. जागा, तारीख, हवेचा दाब, वापरलेली यंत्रं. वर 'मोजलेली वस्तू' असा रकाना असतो. तिथे त्याने लिहिलं होतं, डाग्नी रावनकिल्दे. खाली मोजणाऱ्याची सही केलेली. तपासणाऱ्याची जागा मोकळी.

"माझं लिहून झालं," तो म्हणाला. "आता तू."

मी पेन हातात घेतलं. आणि इथे मी माती खाल्ली. सही करायची होती, चार अक्षरं. पण त्याने बावीस वर्षं वळण लावलेला हात, तो तसाच कसा सही करेल? तपासणाऱ्याने नुसते दुसऱ्याचे आकडे बेरजेला बरोबर आहेत एवढं बघायचं नसतं. त्याने स्वतः एकदा मोजून बघायचं असतं. आणि आमची बघायची रीत एकच. ज्याच्याबद्दल शंका आहे ते काढायचं आणि त्याच जागी, तसंच, जे माहितीचं आहे ते ठेवायचं. बाकी काही हलवायचं नाही. मग आकडा काय म्हणतो ते बघायचं. याला आम्ही अदलाबदल म्हणतो. आमचं सगळं दुकान त्याच्यावर चालतं.

"एक अदलाबदल करून टाकू," मी म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. फरक त्या खुर्चीतूनच येतोय हे एकदा दिसलं की मग दाखल्याला कुणी बोट लावू शकणार नाही."

"गरज नाही," एस्किल म्हणाला.

"अरे, तूच शिकवलंस मला."

"हो. पण गरज नाहीये, बोडिल."

तो असा हळू बोलत होता, आणि मी बाई कागदात डोकं घालून बसलेली. मला ऐकू आलं ते एवढंच, की म्हाताऱ्याला कंटाळा आलाय. मी उठले. माझ्या अंगात लोकरीचा स्वेटर होता, डाग्नीच्याइतकाच जाड. मी खिडकीजवळ गेले आणि तिच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ऑक्टोबरपासून कुणी बसलं नव्हतं. मला ते माहीत होतं, तरी बसले. कानात बोटं घातली आणि म्हटलं, "चल, कर सुरू."

तो दारात क्षणभर थांबला. मग स्वयंपाकघरात गेला आणि दार लावलं.

सहा वेळा तो स्पीकर गर्जला, सहा वेळा थांबला. मी हुं की चूं न करता बसले. सहावी झाल्यावर तो बाहेर आला, यंत्रातली आकड्यांची कागदी पट्टी फाडली आणि बघत राहिला. मीच उठून खांद्यावरून डोकावले.

"अर्धा सेकंद," मी म्हणाले. "बघ, एस्किल. बरोब्बर अर्धा. वरचे दोन शतांश गेले. मी म्हटलं नव्हतं?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरंच मारली. चोवीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला आकडा जुळल्याचा आनंद होतो, तो तसा आवरता येत नाही. मग मी त्याचं तोंड बघितलं.

तो खाली बसला. महिन्याभरात पहिल्यांदा त्या खोलीत बसला.

"म्हणजे ती असली काय, तू असलीस काय," तो म्हणाला.

 त्याला हे आधीपासून कळत होतं. म्हणूनच तो नको म्हणत होता. माहीत असूनही त्याने दार लावलं आणि मोजलं, कारण तपासणाऱ्याने अदलाबदल मागितली तर मोजणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं.

"नाही रे, तसं कसं," मी म्हणाले. मी काय बरळत होते मलाच कळत नव्हतं. "ती माझ्यापेक्षा बारीक होती. तिच्या मांडीवर लोकर असायची. मी स्वेटर काढते, पुन्हा घेऊ. दहा वेळा घेऊ, वीस वेळा घेऊ, काहीतरी फरक निघेलच."

"निघाला तर स्वेटरचा निघेल."

"एस्किल, यंत्राला काय कळतं? यंत्राला मांस आणि लोकर कळते. तुला माहितीय ना तिथे कोण बसायचं ते."

"मला माहितीय," तो म्हणाला. "पण जे मोजलं नाही ते दाखल्यात लिहीत नाहीत."

त्याने कागद पुढे ओढला. ड्रॉवरमधून पट्टी काढली. आमच्याकडे खोडायचं झालं तर रबर नाही, पांढरा रंग नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही अन् तारीख. त्याने पट्टी धरली आणि डाग्नी रावनकिल्दे या नावावर एक रेघ मारली.  वर बारीक अक्षरात लिहिलं, 'एक बसलेली व्यक्ती'. बाजूला सही, तारीख. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"आता खरं आहे," तो म्हणाला. "कर सही."

मी केली. दुसरं काय करणार होते? खरंच होतं ते. इतक्या वर्षांत मी कितीतरी हजार दाखल्यांवर सह्या केल्या असतील, आणि त्यातला एकही चुकीचा निघाला नाही याचा मला अभिमान आहे. हा एकच मला परत मागून घ्यावासा वाटतो, आणि हाही चुकीचा नव्हता.

त्याने सही वाळू दिली, दाखला घडी न घालता पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि यंत्राची वायर भिंतीतून काढली. मी कोट घ्यायला वळले.

"घाईत आहेस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बस थोडा वेळ."

मी टेबलाजवळची खुर्ची ओढायला गेले, तर तो म्हणाला, "तिथे नको," आणि खिडकीकडे बघितलं.

"अजून मोजायचंय?"

"नाही. बंद केलं ना सगळं."

मी जाऊन डाग्नीच्या खुर्चीत बसले. एस्किलने मी नीट बसले का ते बघितलं, आणि दर जानेवारीसारखा तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. पलीकडे एक खुर्ची सरकली. मग काहीच ऐकू आलं नाही. भिंतीच्या अलीकडे कुणीतरी बसलेलं आहे, एवढ्यावर तो तिथे बसून होता. मला रडू फुटलं, पण मी हलले नाही. बागेत अंधार पडला, मेरेटेकडचा दिवा लागला, तरी मी उठले नाही, आणि त्यानेही दार उघडलं नाही.